कोरड्या परातीतले पाय

ही गोष्ट दोन हजार एकोणीसची, तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष कमी आहे, कारण मास्तरांनी मला समोर उभा करून अंदाजानं तारीख टाकली. मी आईचं म्हणणं धरतो. एक वर्ष जास्त असलेलं आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपयोगी पडतं, पुढच्या बाकावर बसायला मिळतं. शाळा तिसरीपर्यंत झाली. चौथीत नाव होतं, पण मी नव्हतो. पुढचं वाचायला मी पवित्र शास्त्रावरच शिकलो. त्यामुळं अजूनही वर्तमानपत्र हातात घेतलं की मी ते उपासनेच्या चालीत वाचतो आणि घरचे हसतात.

यंदा घरामागचा कडुलिंब परत फुललाय, म्हणून हे सगळं वर आलं. ह्या दिवसांत रेणापुरात ऊन कललं की त्या फुलोऱ्याचा कडू-गोड वास गल्लीत उतरतो. शेतात करडई वाळून काट्याकाट्यांनी उभी असते, वारा आला की खुळखुळते. काढणीच्या बाया हाताला फडकी गुंडाळून निघतात. हरभऱ्याचे ढीग लागलेले असतात आणि कुठल्या तरी बांधावर कुणी तरी डहाळे भाजत असतं. तो धूर नाकात गेला की माणूस सगळं विसरतो. आणि नेमक्या ह्याच दिवसांत आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ येतो, चाळीस दिवसांचा. प्रभूनं रानात काही न खाता काढले, त्याची आठवण म्हणून. पण तिकडच्या रानात नुसते दगड होते म्हणतात. आमच्या रानात हरभरा असतो. हा फरक कुणी ध्यानात घेत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मन्मथअप्पाचं किराणा दुकान. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, सकाळी आधी शिवाचं नाव आणि मग शटर. माझा चाळीस वर्षांचा सोबती. दर उपवासकाळात तो मला एकच प्रश्न विचारतो.

“मिस्त्री, एक सांगा मला. पक्कं ख्रिस्ती असणं म्हंजी नेमकं काय वो?”

एका वर्षी मी सांगितलं, दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही.

“ते तर मीबी करत न्हाई. मग मी झालो का ख्रिस्ती?”

पुढच्या वर्षी मी विचार करून गेलो. म्हणालो, रविवारी कामाला हात लावायचा नाही.

“रविवारी तर तहसील बी बंद असतंय.”

तिसऱ्या वर्षी मी पक्कं उत्तर नेलं. म्हणालो, “वैऱ्यावर माया करायची. हे दुसऱ्या कुणाला जमत न्हाई.”

अप्पानं गुळाचा तराजू तसाच धरून ठेवला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. “आन् मग गुरुजींचं काय?”

मी गूळ न घेताच घरी आलो. रूथा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “गूळ कुठाय?” मी म्हणालो, “चांगला नव्हता.”

गुरुजी म्हणजे शांतवन गुरुजी, माझे व्याही. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. माझी थोरली करुणा त्यांच्या घरात दिलेली आहे. जन्मभर किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहात नोकरी केलेला माणूस. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, आणि बूट असे की त्यात तोंड पाहून भांग पाडावा.

त्यांचं आणि माझं काय झालं ते सांगतो, पण त्याआधी माझ्या पायांचं सांगावं लागेल.

मी गवंडी. चौदाव्या वर्षी हातात थापी घेतली. आधी चुन्यात, मग सिमेंटात, पन्नास वर्षं पाय रोवून उभा राहिलो. सिमेंट पाय खातं, हे ज्यानं काम केलंय त्यालाच ठाऊक. टाचा अशा फुटल्यात की अंथरुणात चादर अडकते. डाव्या पायाची करंगळी एका काळ्या दगडाखाली गेली, ती तिथंच चपटी राहिली. नखांबद्दल बोलत नाही. त्यामुळं मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कायम बूट-मोजे घालून जातो. वैशाखातसुद्धा. लोकांना वाटतं, मिस्त्रीचा थाट आहे. मी वाटू देतो. थाट म्हटलेलं चालतं, कीव केलेली चालत नाही. आमच्या प्रभुमंदिरातली शहाबादी फरशी मीच बसवली, सगळी, एकट्यानं, सेवा म्हणून. तिच्यावर पाणी ओतलं तर थेंब जागचा हलत नाही, इतकी पातळीत आहे. त्या फरशीवर हे पाय उघडे ठेवायची मला लाज वाटते. घरात रूथानं पाहिलेत, तेवढं पुरे.

आता लग्नाचं. दोन हजार आठ साल, असाच मोहराचा आणि लगीनसराईचा महिना. किनवटहून दोन जीपगाड्या भरून वऱ्हाड आलं. बाया वाटेत जंगलातून पळसाची फुलं तोडून आल्या होत्या, मांडवात नुसता केशरी कचरा. उपासना झाली, वचनं झाली, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. तिथं थांबलं असतं तर बरं होतं. पण धर्म बदलला म्हणून गाव थोडंच बदलतं. हळद, आहेर, रुसवे-फुगवे हे सगळं आमच्यातही शिल्लक आहे. गुरुजींची थोरली बहीण उठली, मांडवाच्या मधोमध पाट मांडला, पितळी परात ठेवली आणि म्हणाली, “चला, पोरीच्या बापानं इवायाचे पाय धुवायचे असत्यात.”

गुरुजी पाटावर बसले. त्यांनी सावकाश एक बूट काढला, मग दुसरा. मोजे काढले, घडी केली, बुटात ठेवले. दोन्ही पाय परातीत ठेवले. पांढरेफेक पाय, पुस्तकाच्या पानासारखे.

ते पाय पाहून माझं डोकं फिरलं. आपण जन्मभर उन्हात, हा माणूस जन्मभर सावलीत, आणि पाय धुवायचे मी? पण असं तोंडानं म्हणता येत नाही. म्हणून मी धर्म पुढं केला.

“आमच्यात पाय धूत न्हाईत,” मी चढ्या आवाजात म्हणालो. “आमी ख्रिस्ती हाव. प्रभूच्या लेखी इवाई-बिवाई कुणी मोठा न्हाई.”

बँडवाले थांबले. गुरुजी कोरड्या परातीत पाय ठेवून बसले होते. पाव तास तरी बसले असतील. कुणी पाणी आणेना, कुणी उठा म्हणेना. शेवटी त्यांनी बुटातून मोजे काढले आणि तीनशे माणसांसमोर एक-एक करून परत घातले. मोजा घालताना माणूस एका पायावर झुकतो, मान खाली जाते. तेवढं मी पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

त्याच नाताळाला करुणाला भेटायला मी फराळ घेऊन किनवटला गेलो. नांदेडहून गाडी, खिडकीतून दोन्हीकडं साग आणि पळस, पानं गळालेली. लाडवाचा डबा मांडीवर. मनात होतं, माणूस बोलला तर आपणही बोलू. गुरुजी आतल्या खोलीत होते. मी बाहेरच्या. मध्ये एक पडदा, त्याच्यावर मोर. आतून आवाज आला, “सूनबाई, पाव्हण्याला इचार, माघारी जायाची गाडी कवा हाय?”

मी पडद्याकडं बघून म्हणालो, “करुणा, तुझ्या सासऱ्याला सांग, आत्ताच हाय.”

आणि उठलो. लाडू मात्र ठेवून आलो. गाडी संध्याकाळची होती. साडेचार तास फलाटावर बसलो.

किनवट लांब होतं तोवर हे भांडण चालवायला सोपं होतं. वर्षातून एकदा काढायचं, पुसायचं, परत ठेवून द्यायचं. पण दोन हजार सतरात जावयाची बदली रेणापूरला झाली आणि कधीच निवृत्त झालेले गुरुजी त्यांच्याबरोबर इथंच आले. आता दर रविवारी तेच देऊळ, तीच वीस-बावीस घरांची मंडळी. मी पुढच्या बाकावर डाव्या अंगाला, गुरुजी पुढच्या बाकावर उजव्या अंगाला. उपासना संपल्यावर आमच्यात सगळे एकमेकांना सलाम करतात. आम्ही दोघं अशा खुबीनं फिरायचो की सगळ्यांचा सलाम होऊन जायचा आणि आमचा राहायचा. नाताळाला करुणा दोनदा स्वयंपाक करायची, सकाळी सासरी, दुपारी आमच्याकडं. एकदा चुलीपुढं बसून म्हणाली, “अण्णा, तुमी दोघं सोडून सगळ्या गावाला मी एका पंगतीला बसवू शकते.” मी म्हणालो, “मीठ जास्त झालंय.” झालं नव्हतं.

दोन हजार एकोणीसचा उपवासकाळ आला तसा मी चहा सोडला. चहा सोडणं सोपं नाही. पहिले तीन दिवस डोकं असं ठणकतं की कवटीत कुणी छिन्नी चालवतंय. पण मी कुरकुर केली नाही. फक्त ज्याला भेटेन त्याला सांगितलं. ते मन्मथअप्पाच्या दुकानातून गुरुजींपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाला, “गुरुजींनी चहाबी सोडला आन् साखरबी.”

मग मी सकाळची न्याहारी सोडली. निरोप आला, गुरुजी शुक्रवारी निस्तं पाणी पिऊन राहिलेत. मी बुधवार आणि शुक्रवार धरला. गुरुजींनी गादी सोडली, चटईवर झोपायला लागले. मी चटई आधीपासूनच वापरत होतो, त्यामुळं माझी पंचाईत झाली. दोन दिवस विचार करून मी उशी सोडली. मान धरली. चार दिवस मी सगळ्या रेणापूरकडं डाव्या बाजूनं बघत होतो.

अप्पा म्हणाला, “मिस्त्री, ह्याला उपास म्हणत्यात का कुस्ती?”

रूथा म्हणाली, “आता दोघं मिळून श्वास घ्यायचा सोडा. सुटू आमी.”

मला राग आला, पण आज लिंबाखाली बसून आठवलं की माझंच मला हसू येतं. पोट रिकामं होतं आणि मन गच्च भरलेलं होतं. प्रार्थनेला डोळे मिटले की प्रभूच्या आधी गुरुजी दिसायचे.

त्या वर्षी आमचे पाळकसाहेब नवे होते. नांदेडकडचे, वय तिशीचं, मोटरसायकलवर येणारे, आवाज हळू. आधीचे पाळक आमच्या भांडणाकडं काणाडोळा करायचे. ह्यांनी मला एका संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसवून घेतलं.

“मिस्त्रीकाका, पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, प्रभुभोजन आहे. तुमचा आणि गुरुजींचा अबोला आहे, हे मला कळलंय. मनात तेढ ठेवून त्या मेजाशी यायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.”

“म्हंजी मला भाकर न्हाई देणार?”

“मी देईन हो. तुम्हीच घेऊ नका, एवढंच म्हणतो.”

हे फार वाईट झालं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. पन्नास वर्षांत मी ते मेज चुकवलं नव्हतं. ताप असताना गेलोय, बाप गेला त्याच्या चौथ्या दिवशी गेलोय. ती प्रभुभोजनाची भाकर म्हणजे एवढासा तुकडा, पण तो जिभेवर ठेवला की मला वाटतं, आपण कुणाचे तरी आहोत. तो तुकडा चुकला तर मी कोण? बूट घालून बसलेला एक म्हातारा.

तरी नमतं घ्यायचं कसं, ते मला सुचत नव्हतं. आणि पाळकसाहेबांनीच वाट काढून दिली. म्हणजे मला तसं वाटलं. पंचांच्या बैठकीत ते म्हणाले की उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आपण पाय धुण्याचा विधी करू. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. दोघादोघांच्या जोड्या, एकानं दुसऱ्याचे धुवायचे, दुसऱ्यानं पहिल्याचे. जोड्या कशा लावायच्या?

“वयानं लावा,” मी म्हणालो. “थोरला आधी.”

माझं गणित असं, की मी सगळ्यांत थोरला, माझ्यानंतर देवळाची राखण करणारे याकोबबाबा. याकोबबाबाला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे माझे पाय कुणाच्या नजरेला पडायचे नाहीत आणि पहिला मानही माझा. ठराव झाला, मीच सही केली. आणि सोमवारी याकोबबाबाची लेक त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला घेऊन गेली. वयानं खालचा नंबर कुणाचा? गुरुजींचा. सत्तर.

मी पाळकसाहेबांना म्हणालो, शाळेच्या दाखल्यावर माझं वय एक वर्ष कमी आहे, तेच खरं असेल. ते म्हणाले, “काका, मग तर तुम्ही दोघं बरोबरीचेच.”

मंगळवारी मी मनाशी ठरवलं, ठीक आहे. धुऊ. सगळ्या मंडळीसमोर गुरुजींचे पाय असे धुऊ की लोक म्हणतील, बघा मिस्त्री, किती नम्र माणूस. अकरा वर्षांपूर्वीचं फिटून जाईल आणि वर मोठेपणा माझाच राहील. सराव पाहिजे म्हणून रूथाला ओट्यावर बसवलं आणि परात घेतली. बावन्न वर्षांच्या संसारात मी तिच्या पायाला पहिल्यांदा पाणी लावत होतो.

“अवो, गुदगुल्या होऊन राहिल्यात!”

“गप बस. गंभीर काम हाय.”

“एवढं हळू कामून? मी काय इवाई हाय का तुमचा?” असं म्हणून ती इतकी हसली की शेजारीण भिंतीवरून डोकावली. मग हसू थांबल्यावर हळूच म्हणाली, “आन् तुमचे धुवायची पाळी आली तर?”

त्याचा मी विचारच केला नव्हता.

गुरुवारी उन्हं कलती झाली तसं देऊळ भरलं. दारं उघडी, लिंबाचा वास थेट वेदीपर्यंत. मन्मथअप्पासुद्धा येऊन मागच्या बाकावर बसला होता, म्हणाला, कुस्तीचा निकाल बघायचाय. पुढं दोन खुर्च्या, घंगाळ, तांब्या, परात, पांढरा टावेल. पाळकसाहेबांनी आमची नावं घेतली.

गुरुजी खुर्चीत बसले. बूट काढले, मोजे काढले, घडी केली, बुटात ठेवले. अगदी त्या दिवशीसारखं. मी गुडघ्यावर बसलो आणि त्यांचे पाय धुतले. पाय आता पांढरेफेक नव्हते. घोट्यांना सूज होती, शिरा निळ्या झाल्या होत्या. सत्तरीचा माणूस होता तो. मी बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवलं, टावेलनं टिपले. कुणी तरी मागं नाक ओढलं. मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. उठलो, टावेल झटकला आणि जागेवर निघालो.

“काका,” पाळकसाहेब म्हणाले, “आता तुम्ही बसा.”

“माझे राहू द्या. सकाळीच धुतलेत.”

थोडा हशा पिकला. पण गुरुजी उठून माझ्या खुर्चीपुढं आले होते. एका हातानं खुर्ची धरून ते कण्हत-कण्हत खाली बसले आणि तांब्या उचलला. अकरा वर्षांत पहिल्यांदा, मध्ये पडदा नसताना, ते माझ्याशी बोलले.

“बसा इवाई.”

मी खुर्चीत बसलो. बुटाच्या नाडीला हात लावला. नाडीची गाठ सोडली, एक. आणि माझ्या डोळ्यांपुढं आली माझी करंगळी, त्या टाचा, ती नखं, आणि ह्या माणसाचे ते स्वच्छ हात. सगळी मंडळी मान उंच करून बघत होती.

“न्हाई,” मी म्हणालो. “न्हाई धुवायचे.”

“इवाई,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “माझे गुडघे गेलेत. धुवायचे तर धुवू द्या, न्हाई तर मला उठवा. आपल्या आपण उठता येत न्हाई मला.”

मी त्यांना उठवायला पाहिजे होतं. निदान तेवढं. पण मी सुटलेल्या नाडीनं उठलो आणि दारातून बाहेर पडलो. मागं वळून पाहिलं तेव्हा गुरुजी तांब्या घेऊन तसेच खाली बसलेले होते आणि जावई त्यांच्या काखेत हात घालत होता.

घरी येऊन मी ओट्यावर बसलो. रूथा मागून आली. ती भांडेल म्हणून मी तयारीत होतो, पण ती भांडली नाही. तिनं ज्वारीची भाकरी केली, ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, “मांडवात एकदा आन् देवळात एकदा. तिसरी जागा कोणची ठिवली?”

मी ताट तसंच बाजूला सरकवलं, आणि उपास म्हणून नव्हे.

मी पुष्कळ वर्षं असं धरून चाललो होतो, की भक्ती म्हणजे करणं. फरशी बसवणं, चहा सोडणं, रविवार पाळणं, पायसुद्धा धुणं. करण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. करणारा माणूस कसा, उभा असतो. गुडघ्यावर बसला तरी आतून उभाच असतो. गुरुजींचे पाय धुताना मी काय कमी उभा होतो? पण खुर्चीत बसून आपला फुटका पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तिथं करायला काही नसतंच. शास्त्रात आहे, प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रानंही आधी नाही म्हटलं होतं. मी लहानपणापासून ते वाचत आलो आणि मला वाटायचं, पेत्र किती नम्र! त्या संध्याकाळी पहिल्यांदा शंका आली की त्याचे पायही माझ्यासारखेच असावेत. कोळी माणूस, पाण्यात राहून पाय काय चांगले असणार?

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार. उपासना दुपारी बाराला होती. मी सकाळी सातलाच गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्याला गरम फडकं बांधलेलं. करुणा अंगण झाडत होती. मला पाहून तिचा झाडू थांबला.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. बूट काढले. मोजे काढले. घडी-बिडी केली नाही.

“गुरुजी,” मी म्हणालो, “धुवा.”

ते पुढं झुकले आणि माझ्या पायांकडं बघत राहिले. मीही बघितले; उघड्या उजेडात ते मला वाटत होते त्याहून वाईट होते.

“नळाला आठ दिसांपासून पाणी न्हाई,” ते शेवटी म्हणाले.

“मग नळ आल्यावर येतो.”

“बसा हो खाली! सूनबाई, माठातलं आण.”

करुणानं प्यायच्या माठातलं पाणी तांब्यात आणलं. पाव तांब्या तर तिनं वाटेतच सांडला. गुरुजींना खाली बसता येईना, म्हणून मीच ओट्यावर चढून त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि पाय त्यांच्या मांडीवर ठेवले. इस्त्रीच्या धोतरावर. त्यांनी माझी टाच हातात घेतली, अंगठा त्या भेगांवरून फिरवला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

“असं हाय होय,” ते म्हणाले. “अकरा वर्षं मला वाटत आलंय, ना माझा पाय चालत तुमाला, ना हात. मांडवात बी, काल बी.”

“तुमच्या हाताला काय झालंय? पायच तसले हायत.”

“हे पाय हायत का करडईचं रान?”

“धुवा गुपचूप.”

त्यांनी धुतले. सावकाश, एक-एक भेग, वसतिगृहातल्या पोरांचे धुतले असतील तसे. करंगळीपाशी आले तेव्हा विचारलं, “दुखतीय का?” मी म्हणालो, “आता न्हाई.” डोळ्यांत पाणी आलं ते मी उन्हावर ढकललं, ऊन अजून ओट्यावर आलंही नव्हतं. मग त्यांनी आतून तेलाची बाटली मागवली आणि दोन्ही टाचांना असं थापून तेल लावलं की मी काय गिलावा करीन. वर म्हणाले, दोन तास बूट घालायचे नाहीत.

“आन् मी घरी कसा जाऊ?”

“पायांनी.”

घरी तर जायचं होतं, रूथाला दाखवायचं होतं. म्हणून मी तसाच उठलो, अनवाणी, तेलकट टाचांनी, आणि बाजारगल्लीतून निघालो. दुकानं उघडत होती. अप्पानं शटर अर्ध्यावर धरलं आणि आधी माझे पाय पाहिले, मग माझ्या मागं पाहिलं आणि शटर हातातून सुटून धाडकन खाली आलं. मागून गुरुजी गुडघा ओढत येत होते. माझे बूट त्यांच्या हातात होते, दोन्ही. मी आणा म्हटलं नव्हतं.